मदत हवी आहे: ठरावीक आजी-आजोबांचीच जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

मंडळी, एका पतसंस्थेचं सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर सांभाळतोय. बॅकएंड जावा, डेटाबेस पोस्टग्रेस, कोड आधीच्या टीमचा. ब्राउझरमध्ये जन्मतारीख निवडली की तिथली मध्यरात्र यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, जिच्यापुढे आपण साडेपाच तास आहोत) बदलून सेव्ह होते. दाखवताना सर्व्हर त्यात सरळ साडेपाच तास मिळवतो आणि तारीख काढतो. बहुतेकांचं बरोबर येतं, पण काही वयस्कर सभासदांची तारीख एक दिवस आधीची दिसते. १४/०८/१९४३ भरली तर डेटाबेसात १३ ऑगस्ट १७:३० आणि स्क्रीनवर १३/०८/१९४३. साल १९५० टाकलं की १८:३० पडतात आणि सगळं ठीक. हा एक तास जातो कुठे? आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करायची भानगडच नाही ना!

दुसरं, ८० वर्षं पूर्ण झाली की जादा व्याज, त्याची टेस्ट दिवसा पास होते आणि रात्री दोनच्या बिल्डमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) आपटते.

टाइमझोन_पीडित: आता नाही, पण होती भानगड. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे यूटीसी+६:३०. त्याआधी १९४१-४२ मध्येही काही महिने. ब्राउझरच्या 'एशिया/कोलकाता' झोनला (भारताच्या वेळेच्या नियमांना) हे माहीत असतं, तुमच्या हाताने मिळवलेल्या साडेपाच तासांना नसतं.

पण तिथे झोन लावून गप्प बसू नका. जन्मतारखेला वेळ चिकटवायचीच कशाला? कॉलम 'डेट' करा, जावात लोकलडेट (वेळेशिवाय नुसती तारीख), ब्राउझर-सर्व्हरमधल्या एपीआयमधून नुसतं '१९४३-०८-१४' पाठवा. जुना डेटा कोलकाता झोनमध्ये नेऊन तारीख उचला. एक धोका आहे: कुणी पत्ता बदलायला फॉर्म उघडून सेव्ह केला असेल तर चुकलेली १३ तारीखच परत गेली असणार आणि ती आता १२ झाली असेल. अशा नोंदी स्क्रिप्टने सुधारणार नाहीत.

रात्रपाळी: टेस्टचं कारण वेगळं. रात्री दोनला यूटीसीत अजून कालचे साडेआठ असतात. तुमची टेस्ट भारताची 'आज' धरते आणि कोड लोकलडेट.नाऊ() म्हणून सर्व्हरची, म्हणजे यूटीसीतली. वय काढणाऱ्या क्लासला बाहेरून क्लॉक द्या, टेस्टमध्ये क्लॉक.फिक्स्ड (एका ठरलेल्या वेळेवर थांबवलेलं घड्याळ) लावा. मग वाढदिवसाच्या आदल्या रात्रीचे ११:५९, १२:०० आणि पहाटेचे ५:२९ तपासा. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं वय कधी पूर्ण धरायचं हे मात्र संस्थेकडून लेखी घ्या, लायब्ररीवर सोडू नका.

धागाकर्ता: जबरदस्त! १७:३० वाल्या नोंदी काढल्या, सगळ्या त्याच काळातल्या. एका आजोबांची तारीख अर्जावर १४ आणि आमच्याकडे ११ दिसतेय, म्हणजे मधल्या काळात फॉर्म दोनदा सेव्ह झालाय. ज्या नोंदींना एडिट लॉग आहे त्यांचे मूळ अर्ज शाखेतून मागवतोय, बाकीच्या स्क्रिप्टने.