अनलेडेड पेट्रोल आणि जुनी इंजिनं: हेड उतरवायची खरंच गरज आहे का?

काळीपिवळी१०८९

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत एक सल्ला सर्रास दिला जातो. गाडी २००० च्या आधीची असेल तर हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवा, कडक सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती कडा) बसवून घ्या, नाहीतर शिसं नसलेलं पेट्रोल व्हॉल्व्ह खाऊन टाकेल. तेवढे पैसे नसतील तर दर टाकीला शिशाऐवजीच्या औषधाची बाटली ओता. माझं मत असं की पद्मिनीवाल्यांनी या दोन्हींवर एक रुपयाही घालवू नये. अँबॅसेडरवाल्यांनी आधी व्हॉल्व्हची गॅप मोजावी, मग खिशात हात घालावा.

पेट्रोलमध्ये शिसं आलं ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी इंजिनातली ठोकठोक, थांबवायला. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण शोधला. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सीटवर शिशाच्या क्षारांचा पातळ थर बसतो आणि तापलेला व्हॉल्व्ह सीटला चिकटत नाही, हा त्याचा वरचा फायदा. थर नसेल तर व्हॉल्व्ह दर वेळी सीटला सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, उचलताना लोखंडाचा कण उपटतो आणि सीट हळूहळू खाली बसत जाते. हे खरं आहे, नाकारत नाही. पण त्यासाठी सीट मऊ बिडात थेट कापलेली हवी आणि इंजिन बराच वेळ चढ्या आरपीएमवर तापलेलं हवं.

फियाट ११०० आणि पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह आपटून चालत नाही, म्हणून त्यात पहिल्या दिवसापासून सीटच्या वेगळ्या रिंगा आहेत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. त्यानंतरही मुंबईत या टॅक्स्या रात्रंदिवस पळाल्या, त्यातल्या कितीतरी सीएनजीवर, आणि सीएनजी तर पेट्रोलपेक्षाही कोरडा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि २०२३ ला रस्त्यावरून उतरली. शिशावाचून ही इंजिनं मरणार असती तर कुर्ल्यापासून कुलाब्यापर्यंत प्रत्येक गॅरेजला कळलं असतं.

अँबी_सातारा

काका, पद्मिनीचं पद्मिनीपाशी ठेवा. आमची अँबॅसेडर जुन्या १४८९ सीसी इंजिनाची, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सिरीजची. हेड अख्खं बिडाचं, सीट त्यातच कापलेली. घरची पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी चढायची, हे तिचं नेहमीचं काम. एक्झॉस्टचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली गॅप, १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावले की पुढच्या सर्व्हिसला फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्टीचं) पान आत शिरत नसे. इनटेकचे जागच्या जागी, एक्झॉस्टचे मात्र दर वेळी आवळलेले. शेवटी हेड उतरवलं. मधल्या दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा उघड खोल गेलेले, सीटच्या कडेला बोट फिरवलं तर पायरी लागत होती. या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरचा धूर एकाच पोर्टमधून बाहेर पडतो, त्यामुळे तिथे उष्णता जास्त. आम्ही कडक सीट बसवल्या आणि गॅप पळायची थांबली. तेव्हा "एक रुपयाही घालवू नका" हे नव्या माणसाच्या कानावर पडू नये असं मला मनापासून वाटतं.

काळीपिवळी१०८९

तो रुपया मी पद्मिनीवाल्यांना वाचवायला सांगितलाय, तुम्हाला मोजायला. आणि मोजून तुम्ही योग्यच केलंत. फक्त एक्झॉस्टची गॅप कमी होत जाते, हीच सीट खाली बसत असल्याची खूण. माझी तक्रार न मोजता हेड उतरवणाऱ्यांबद्दल आहे. ठिणगीचं टायमिंग मागे राहिलं किंवा कार्बोरेटर पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालला तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, आणि तिथेही नाव शिशाचंच घेतात.

लेथवरून

माझं रोजचं काम हेडचं आहे म्हणून लिहितो. काळीपिवळींचा टॅक्सीचा दाखला मला पटत नाही. टॅक्सीचं हेड वारंवार उघडायचं, ग्राइंडिंग व्हायचं, रिंगा बदलायच्या. ती टिकली ती मिस्त्रींमुळे. शिवाय सिग्नल ते सिग्नल चालणारी गाडी वेगळी आणि एक्सप्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत दाबून नेलेली वेगळी. रिंग आहे म्हणजे ती कडकच आहे, असंही नाही. बाजारात साध्या बिडाच्या रिंगा पुष्कळ मिळतात.

पण अँबीवाल्या दादांनाही सांगतो, सरसकट सीट बसवा म्हणू नका. जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीटच्या मागे पाण्याची जागा असते. भिंत किती जाड उरलीय ते न बघता कटर मारला की थेट पाण्यात. रिंगेचं माप सैल राहिलं तर ती गरम झाल्यावर सुटते, पिस्टनवर येते आणि इंजिन गेलं. चांगलं हेड असं बिघडलेलं मी टेबलावर पाहिलंय. दुसऱ्या कामासाठी हेड उतरलंच असेल आणि सीट खाली गेलेली दिसत असेल तर करा. नुसत्या भीतीपोटी नको.

जुनंतेसोनं

ब्रिटनने २००० नंतरही एकूण विक्रीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत लेडेड पेट्रोल विकायची मुभा ठेवली होती. जुन्या गाड्या महिन्यातून एकदा निघतात. आपल्याकडे छंदापुरतं मिळायला काय हरकत होती?

बालरोग_नाशिक

हरकत होती. धुराड्यातून निघालेलं शिसं हवेत विरून जात नाही. ते रस्त्याकडेच्या धुळीत बसतं, तिथून मुलांच्या हाताला आणि तोंडात जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. अल्जीरियाने २०२१ मध्ये विक्री थांबवली तेव्हा कुठे मोटारींचं लेडेड पेट्रोल जगातून संपलं. एका छंदासाठी तो दरवाजा किलकिलाही करू नये.

काळीपिवळी१०८९

डॉक्टर, शंभर टक्के सहमत. माझी गाडी उद्या बंद पडली तरी मी शिसं मागणार नाही.

जुन्या गाडीला आज खरा धोका पंपावरच्या इ२० चा आहे. २० टक्के इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आखडतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीत ते टाकीच्या तळाशी बसतं. कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणावर घाट चढवला की पुन्हा त्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ताण. सीटचा खर्च मागे ठेवा, आधी पाइप बदला.

ऊसवाला_वाळवा

इथेनॉलला खलनायक करू नका. कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात, तेव्हा आमचं बिल लवकर निघतं. आणि नॉकिंगसाठी मिजलीच्या लोकांनी आधी अल्कोहोलही तपासलं होतं. तेव्हा जग त्या वाटेने गेलं असतं तर शिशाचं विष पसरलंच नसतं.

काळीपिवळी१०८९

उसाला माझा विरोध नाही, दादा. ऑक्टेन वाढतं हेही मान्य. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच इ० (इथेनॉल नसलेलं पेट्रोल) साठी बनवून इ१० (१० टक्के इथेनॉल) ला जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असं लिहिलंय. कार्बोरेटरच्या गाडीला तर स्वतःहून जुळवून घेताच येत नाही. पंपावर जुन्या गाड्यांसाठी एक नोझल साध्या पेट्रोलचा ठेवा, एवढंच मागणं आहे.

अँबी_सातारा

त्या नोझलला माझीही सही. पाइप आणि डायफ्रॅम मी बदलूनच घेतलेत. पण सीटच्या बाबतीत माझं मत हललेलं नाही. बिडाचं हेड आणि घाटातली गाडी असेल तर एक्झॉस्टच्या गॅपची वही ठेवा. इंजिन थंड असताना मोजायचं की गरम, ते गाडीच्या पुस्तकात बघा आणि दर वेळी तसंच मोजा. लागोपाठ तीनदा गॅप आवळलेली निघाली की बाटल्या ओतत बसू नका, लेथवाल्यांकडे हेड घेऊन जा.