मदत हवी आहे: कॅनडातल्या आंदोलकांना अमेरिकेत आश्रय – यात 'छळ' नेमका कशाला म्हणायचं?

नमस्कार मंडळी. बेचाळिसाव्या वर्षी एलएलबीला प्रवेश घेतलाय, सध्या दुसरं वर्ष. पुढच्या गुरुवारी सेमिनारमध्ये वीस मिनिटं मराठीतून बोलायचंय. विषय मीच मागून घेतला आणि आता एका शब्दापाशी अडले आहे. निर्वासितांचा कायदा, अमेरिकेतली वकिली किंवा दुभाष्याचं काम यातलं काही माहीत असेल तर कृपया वेळ काढून लिहा.

जानेवारी २०२२ मध्ये कॅनडा आणि अमेरिका दोघांनीही सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांना कोविडच्या लसीची सक्ती केली. त्याविरुद्ध निघालेला ताफा महिनाअखेरीस ओटावात संसदेसमोर येऊन थांबला तो तीन आठवडे हललाच नाही. १४ फेब्रुवारीला ट्रुडो सरकारने १९८८चा आणीबाणी कायदा लावला. तो अमलात आल्यापासून पहिल्यांदाच. आंदोलनाशी संबंधित दोनशेहून जास्त बँक खाती गोठवली, मग पोलिसांनी रस्ते मोकळे केले. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोच्या रिपब्लिकन खासदार इव्हेट हेरेल यांनी जाहीर केलं, की या आंदोलकांचा त्यांच्याच सरकारकडून छळ होतोय आणि त्यांना तात्पुरता आश्रय देणारं विधेयक आपण आणतोय. त्याचा कायदा झाला नाही. हेरेलबाई त्याच वर्षी निवडणूकही हरल्या. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही, आणि त्याला कारण आहे.

माझी ताई तेव्हा ओटावात, संसदेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहायची. फोन लावला की तिच्या आवाजाआधी हॉर्न ऐकू यायचे. भाचा दीड वर्षाचा होता. त्याला ती रात्री बाथरूममध्ये चटईवर दुलई घालून झोपवायची, कारण घरात तेवढ्याच खोलीला खिडकी नव्हती. ७ फेब्रुवारीला न्यायालयाने दहा दिवस हॉर्न वाजवायला मनाई केली, त्या दिवशी ती फोनवर रडली. आंदोलकांचा छळ झाला असं कुणी म्हटलं की तिचा जीव अजून तळमळतो. आणि तीच ताई सांगते, की शेजारचा ट्रकचालक भला माणूस होता, त्या नियमाने त्याचं काम गेलं. दोन्ही खरं आहे, म्हणून हा विषय मला घाईत उरकायचा नाही.

आता अडचण. १९५१चा निर्वासित करार आणि अमेरिकेचा १९८०चा कायदा, दोन्हीत छळाची रास्त भीती लागते, आणि तीही वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एका कारणाने. आपल्याकडे 'छळ' म्हटलं की पहिल्यांदा सासरचा छळ आठवतो. सरावात मी हा शब्द वापरला तर मैत्रीण म्हणाली, "पैसे अडकवले, म्हणजे छळच की गं!" मला ते पटत नाही. लॉकडाऊनमध्ये माझ्या मामेभावावर १८८ कलम (सरकारी आदेश मोडल्याचं) लागलं होतं, चौकात विनाकारण उभा होता म्हणून. घरात सगळे चिडले, पण छळ कुणी म्हटलं नाही. त्याच चौकात फक्त सरकारविरुद्ध फलक धरणाऱ्यांनाच उचललं असतं तर मात्र म्हटलं असतं.

दुसरं म्हणजे, ठरावीक लोकांसाठी वेगळा कायदा करणं अमेरिकेला नवीन नाही. क्युबातून आलेल्यांसाठी १९६६ला केला, बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं आंदोलन १९८९ला चिरडल्यानंतर चिनी विद्यार्थ्यांसाठी १९९२ला. १९९६ला तर सक्तीचा गर्भपात आणि नसबंदी राजकीय मतामुळे झालेल्या छळात धरली. त्या रांगेत हे विधेयक बसतं का? माझं मत, नाही. कॅनडात न्यायालयाचं दार उघडं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच फेडरल न्यायालयाने आणीबाणी लावणं अवाजवी ठरवलं. नोव्हेंबर २०२२ला उरुमचीच्या आगीत दहा जण गेल्यावर चीनमध्ये कडक कोविड निर्बंधांविरुद्ध कोरे कागद धरून रस्त्यावर उतरलेल्या पोरांना असं कुठलं दार होतं? आश्रयाचं विधेयक त्यांच्यासाठी आलं असतं तर मी दोन्ही हातांनी पाठिंबा दिला असता.

पण सर नक्की विचारणार: न्यायालयच म्हणतंय सरकार चुकलं, मग हेरेलबाईंचं काय चुकलं? इथे माझ्याकडे उत्तर नाही. आणि 'तात्पुरता आश्रय' असं काही कायद्यात असतं का?

प्रतिसाद

ताई, मी न्यू जर्सीत दुभाष्याचं काम करते, वकील नाही, तेव्हा हे अनुभवावरून. 'छळ' शब्द सोडू नका, फक्त 'मतामुळे होणारा छळ' असं पूर्ण म्हणा. कायद्यात छळाची व्याख्या दिलेली नाही, ती निकालांमधून घडत गेली. सुनावणीत प्रश्न फिरून फिरून तेच येतात: कुणी केलं, का केलं, किती गंभीर होतं, देशात दाद मागता आली असती का. सरकारने अधिकाराबाहेर पाऊल टाकलं हा एक मुद्दा आणि अमक्याला त्याच्या मतासाठी गाठून इजा केली हा दुसरा. सरांना हेच सांगा. आणि हो, आश्रय मुळात तात्पुरता नसतो, वर्षभराने ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. तात्पुरतं संरक्षण १९९०च्या कायद्यातलं, ते युद्ध किंवा भूकंप झालेल्या देशांच्या लोकांना मिळतं.

धागाकर्तीचं उत्तर

फार मोठं काम केलंत, मनापासून आभार! 'मतामुळे होणारा छळ' वहीत लिहून घेतलं. १९९२च्या कायद्याचा फायदा मिळालेल्या कुणाला ओळखत असाल, किंवा तो खटल्यांत कसा वापरला गेला हे वाचलं असेल, तर अजून लिहा. बुधवारी रात्रीपर्यंत मी इथे बघत राहीन.