क्यूआर कोडमधली चूक-दुरुस्ती आणि ख्रिस्ती कृपा: तुलना टिकते का?

सुटेभाग:
वस्तू खराब होणारच, हे धरूनच क्यूआर कोड बनवलेला असतो. त्याच्या चार पातळ्या आहेत. पातळीप्रमाणे साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग बिघडला तरी मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. ओरखडा पडायच्या कितीतरी आधी, छापतानाच, भरपाईचे अंक आत घातलेले असतात. हे गणित रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलं. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात (५:८) हाच क्रम आहे: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. म्हणजे आधी कृपा (लायकी नसताना देवाने दिलेलं दान), सुधारणा नंतर.

आणखी एक गोष्ट. बिघाड कुठे आहे हे माहीत नसेल तर प्रत्येक चुकीमागे भरपाईचे दोन अंक खर्ची पडतात. जागा कळलेली असेल तर एकच पुरतो. चूक कुठे आहे ते आपणच सांगायचं: मला यात पापाची कबुली दिसते.

वचनवाचक:
क्रमाचं पटलं, कबुलीचं अजिबात नाही. कबुली दिल्याने खर्च निम्मा होत असेल तर कबुली हीच किंमत ठरली. इफिसकरांस २:८-९ नेमकं उलट सांगतं: तारण हे दान आहे, कर्माचं फळ नाही. शिवाय ३० टक्क्यांच्या पुढे तुमचा कोड हात टेकतो. रोमकरांस ५:२० म्हणतं, पाप वाढलं तिथे कृपा त्याहूनही वाढली. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन तर या भरपाईत येतच नाहीत. त्यातला एक पुरता झिजला की आतला मजकूर धडधाकट असूनही स्कॅनरला कोड सापडत नाही.

बॅडसेक्टर:
क्यूआर सोडा, हार्ड डिस्क घ्या. डिस्कवर मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत साठतो, आणि काही सेक्टर राखीव असतात. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क तो पत्ता गुपचूप राखीव जागेकडे वळवते. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५ क्रमांकाच्या ओळीत हा आकडा वाढताना दिसतो. १९७ क्रमांकावर वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर असतात. लोक इथेच फसतात: राखीव सेक्टर जागा देतो, गेलेला मजकूर देत नाही. तो बाहेरूनच आणावा लागतो.

माणूस स्वतःहून सुधारतो की मदत बाहेरूनच यावी लागते, पाचव्या शतकातला चर्चमधला वाद हाच होता. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीवर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असं पेलाजियस हा ख्रिस्ती शिक्षक म्हणे. ऑगस्टीन या बिशपने ते खोडलं आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ती शिकवण फेटाळली.

म्हणून १९७ चा आकडा वाढू लागला की आधी डिस्क वापरणं थांबवा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन) चालवू नका, ते त्याच आजारी डिस्कवर लिहीत सुटतं. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम) प्रत घ्या. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते उचला, काय वाचलं, काय राहिलं याच्या नोंदींची मॅपफाइल ठेवा, मग राहिलेल्या जागांवर तीनेक फेऱ्या करा. दुरुस्ती मूळ डिस्कवर नाही, त्या प्रतीवर करायची.

वचनवाचक:
आणि मग जुनी डिस्क भंगारात! कृपा माणसाला भंगारात काढत नाही. पौलाच्या शरीरातला काटा देवाने काढला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर मिळालं (२ करिंथकरांस १२:७-९). मूळ मुद्दा तर वेगळाच आहे. डिस्क झिजते, तिचा दोष काय? पापासाठी नव्या करारात 'हामार्तिया' हा ग्रीक शब्द आहे, मूळ अर्थ नेम चुकणं. डिस्क नेम धरतच नाही. 'जे वाईट करायची इच्छा नाही तेच करतो' (रोमकरांस ७:१९) हे दुखणं कीबोर्डपुढे बसलेल्याचं आहे. दोन डिस्कचं मिररिंग घ्या, म्हणजे एकीवर होईल ते दुसरीवरही आपोआप होतं: चुकून पुसलेली फाइल ते दोन्हीकडून त्याच क्षणी, अगदी बिनचूक पुसतं. यंत्र शाबूत, आज्ञा चुकीची.

सुटेभाग:
कबुलीबद्दलचा मुद्दा मान्य, ती तुलना मागे घेतो. पण मिररिंगचं उदाहरण बॅडसेक्टर यांच्याच बाजूने जातं. आज्ञा चुकली तर कालची, वेगळी ठेवलेली प्रतच उपयोगी पडते. तीही बाहेरचीच.

कोरीपाटी:
बाहेरची प्रत आहे म्हटल्यावर लोक बेफिकीर होतात त्याचं काय? एसएसडीवर (चिपवर साठवणारी डिस्क) ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी करायची सोय, चालू असेल तर पुसलेलं थोड्याच वेळात कायमचं जातं, तरी 'बॅकअप आहे' म्हणत राहतात.

बॅडसेक्टर:
पौलाला हा प्रश्न माहीत होता. कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का, असं रोमकरांस ६:१-२ मध्ये त्याने स्वतःच विचारून 'कधीच नाही' म्हटलंय. बेफिकीर असतो तो प्रत कधी उघडून न पाहिलेला. दर महिन्याला एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून फाइली उघडून बघणारा माणूस डिलीटवर बोट ठेवताना थबकतो.