पिलांच्या दिवसांतला अपवाद
कोयोटी (उत्तर अमेरिकेतला कोल्ह्या-लांडग्यासारखा रानटी प्राणी) दिसताच हात उंचावून, मोठ्याने ओरडून त्याला हुसकावावे, हा नेहमी दिला जाणारा सल्ला एरवी योग्यच आहे आणि पाठ फिरवून पळू नये हेही खरे. परंतु वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत त्याला एक अपवाद आहे. शिकागो परिसरात पिले साधारण एप्रिलमध्ये जन्मतात आणि बिळाजवळून कुत्रा घेऊन जाणाऱ्याच्या मागोमाग कोयोटी अंतर राखून चालू लागतो. गेल्या मे महिन्यात असाच एक कोयोटी माझ्या आणि माझ्या कुत्र्याच्या मागे बराच वेळ आला. मी कुत्र्याला उचलून घेतले, नजर त्याच्यावरच ठेवून सावकाश मागे सरत गेले, तेव्हा तो झाडीच्या कडेला थांबला. हा पाठलाग बहुधा शिकारीसाठी नसतो, आपल्याला पिलांपासून दूर नेऊन सोडण्यासाठी असतो. अशा वेळी तो रस्ताच काही आठवडे टाळावा.

कोयोटींना पकडून मारावे, ही काही जणांची सूचना मात्र मला पटत नाही, कारण रिकाम्या झालेल्या हद्दीत लवकरच दुसरे कोयोटी येतात. त्याऐवजी पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांतले खाली सांडलेले दाणे रोज झाडून काढावेत. त्यांच्यावर उंदीर जमतात आणि उंदरांमागे कोयोटी अंगणापर्यंत पोचतो.