आमोसची शेवटची पाच वचनं नसती तर?

तिरकस
बायबलातल्या आमोस या संदेष्ट्याचं पुस्तक नवव्या अध्यायाच्या दहाव्या वचनाला संपायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. पुढची पाच वचनं म्हणजे काढ्यावर दिलेला गुळाचा खडा. धागा वादासाठीच काढलाय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: आमोस तकोवाचा, म्हणजे दक्षिणेच्या यहूदा राज्यातला. गुरं राखायची आणि उंबराच्या जातीची फळं काढायची, हा त्याचा धंदा. इ.स.पू. ७६० च्या आसपास हा गडी उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि बेथेलच्या राजमंदिरात उभा राहून बोलला. दुसऱ्या यरोबामाचा काळ, चांगला सुबत्तेचा. तिथली राजधानी शोमरोन, तिच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे सापडलेत, तेल आणि जुनी द्राक्षदारू कुठून आली याच्या नोंदींची खापरं सापडलीत. आमोस 'हस्तिदंती घरं' म्हणतो ते हवेतलं नाही.

आणि तो बोलला काय? तर पायतणाच्या एका जोडापायी गरिबाला विकता. धान्याचं माप लहान करता, चांदी तोलायचं वजन मोठं करता, गव्हाबरोबर भुसकटही खपवता. शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, याकडे डोळे लावून बसता. तुमचे सण नकोत, गाणी नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पुजारी अमस्याने राजाकडे चहाडी केली आणि याला सुनावलं, "तुझ्या मुलखात जा, तिथे काय भाकरी कमवायची ती कमव." इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतलं.

आता शेवट बघा. दावीदाची पडकी खोप पुन्हा उभी करीन, डोंगरांतून गोड द्राक्षरस गळेल, लोक द्राक्षमळे लावतील आणि त्यांची दारू पितील. झक्कास. पण या पाच वचनांत गरीब कुठाय? तराजू कुठाय? आणि दावीदाचं घराणं दक्षिणेचं, उत्तरेतल्या श्रोत्यांना त्याचं काय सोयरसुतक? पुष्कळ अभ्यासक हा भाग मागाहून जोडलेला मानतात, ते उगाच नाही.

पाटीपेन्सिल
मागाहून जोडलाय हे मान्य करून टाकते, वाद तिथे नकोच. पण जोडला कुणी? उत्तरेचं राज्य तर बुडालं. आमोसचे बोल जपले ते यहूदातल्या लोकांनी, आणि इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने त्यांचंही यरुशलेम जाळलं. आमोसचं 'एकही निसटणार नाही' हे वाक्य नकलून काढणारा माणूस स्वतः निसटलेला होता. त्याने लेखणी खाली ठेवायची आणि गप्प बसायचं, अशी तुमची अपेक्षा आहे का?

शिवाय ती वचनं अधांतरी नाहीत. पाचव्या अध्यायात शिक्षा काय आहे? घडीव दगडांची घरं बांधलीत पण त्यांत राहणार नाही, मळे लावलेत पण त्यांची दारू पिणार नाही. शेवटी तेच उलटं फिरवलंय: नगरं बांधून राहतील, मळे लावून पितील. जोडणाऱ्याने मूळ पुस्तक नीट वाचलं होतं.

तिरकस
नीट वाचलं असतं तर त्याच वचनाचा पहिला अर्धा भाग दिसला असता. ते मळेवाले कोण? गरिबाला तुडवून त्याच्याकडून धान्याची वसुली करणारे. म्हणून मळा गेला. शेवटी मळा परत आला, वसुलीचं काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही.

मूर्तिजापूरकर
तुम्ही दोघं शेवटावर भांडताय, माझी अडचण मधल्या भागाशी आहे. सातव्या अध्यायात आमोस अमस्याला म्हणतो, तुझी बायको शहरात वेश्या होईल, तुझी मुलंमुली तलवारीने पडतील. अमस्याने चहाडी केली, ठीक. बायकोने काय केलं होतं? वेढा पडला की पहिला भुकेने कोण मरतो, हस्तिदंती पलंगावरचा की पायतणापायी विकला गेलेला? गरिबांचा कैवार घेऊन उठलेली शिक्षा गरिबांच्याच अंगावर येत असेल तर तिला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ही शंका आपलीच आधुनिक वगैरे नाही. 'बापाने आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले' ही म्हण तेव्हाच लोकांच्या तोंडी होती, आणि यहेज्केल या संदेष्ट्याने अख्खा अठरावा अध्याय खर्चून ती बंद करायला सांगितली. म्हणजे बोच होतीच.

हिशेबनीस
मूर्तिजापूरकर, यात एक गंमत (गंमत कसली म्हणा) आहे. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायात यरुशलेम पडल्यावर बाबेलचा सेनापती शहरात उरलेल्या लोकांना कैद करून नेतो, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा गरिबांना तिथेच ठेवून मळे आणि शेतं देतो. म्हणजे जमीनवाटप झालं ते शिक्षेच्या दिवसांत, आणि तेही शत्रूच्या हातून. पुढे अवशेषांत राहिलेले हे लोक म्हणू लागले की जमीन आता आमची. यहेज्केल, जो स्वतः बाबेलात हद्दपार होता, तो त्यांच्यावरच तुटून पडतो. पुनर्स्थापना हवी, पण कुणाची, हा प्रश्न तेव्हाही उघडा होता.

पण तिरकस यांच्या गुळाच्या खड्याला माझा आक्षेप आहे, आणि तो यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायावरून. शहराला वेढा पडलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण शहर पडणार असं तोच ओरडून सांगत होता. तिथे चुलतभाऊ हनमेल येतो: अनाथोथचं माझं शेत घे, घराण्याची जमीन सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून चार-पाच किलोमीटरवर, म्हणजे फौजेच्या टाचेखाली. अशा जमिनीला कोण गिऱ्हाईक मिळणार? आणि हा गृहस्थ घेतो! १७ शेकेल चांदी, आजच्या हिशेबाने २०० ग्रॅमच्या आतबाहेर, तराजूत तोलून. खत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आणि मग म्हणतो, या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील.

आता त्याच पुस्तकातला हनन्या बघा. हाही संदेष्टाच म्हणवतो. यिर्मयाने बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू मोडून टाकतो आणि जाहीर करतो की दोन वर्षांत मंदिराची भांडी, राजा, कैदी सगळे परत. टाळ्या नक्की पडल्या असतील. हनन्याच्या दिलाशाला दमडी लागली नाही, यिर्मयाने स्वतःची चांदी मोजली. दोन्ही दिलासेच, पण एका पारड्यात घालू नका.

तिरकस
यिर्मयाचं शेत मान्य, तो अध्याय मलाही आवडतो. पण दोन अध्याय पुढे जा ना. त्याच वेढ्यात राजा सिद्कीया करार करून सगळ्या हिब्रू दासदासींना मोकळं करतो. मिसरचं सैन्य निघालं म्हणून बाबेलची फौज जरा मागे सरकली, आणि मालकांनी सोडलेली माणसं पुन्हा धरून आणली. संकट टळल्यासारखं वाटायला लागल्याबरोबर! माझं भांडण दिलाशाशी नाही, तो लवकर हाती पडल्यावर लोक काय करतात त्याच्याशी आहे. आमोसचं पुस्तक घेऊन बसणारा सरळ शेवटच्या पाच वचनांवर उडी मारतो आणि तराजूची पानं चिकटलेलीच राहतात.

अलिबागचा पांढरा कांदा
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, अलिबागच्या इस्रायल आळीतले, आता आळीत मोजकीच घरं उरलीत. आमच्याकडे एलियाहू हनावीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, मान मोठा. नवस फेडायचा तर मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. आणि जवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात.

हे सांगायचं कारण असं की या एलियाचं नाव संदेष्ट्यांच्या अगदी शेवटच्या, मलाखीच्या पुस्तकाच्या अखेरीस येतं. 'तो मोठा भयंकर दिवस येण्याआधी मी एलियाला पाठवीन', आणि मग शेवटचं वचन, नाहीतर मी येऊन देशाचा सत्यानाश करीन. सगळीकडच्या यहुद्यांत रीत अशी की ते शेवटचं वचन वाचून झाल्यावर त्याच्या आधीचं पुन्हा म्हणायचं. विलापगीत आणि यशयाच्या शेवटीही तसंच. कडू वचन कुणी गाळत नाही, पण त्यावर पुस्तकही मिटत नाही.

तिरकस
हे मला आमोसला जोडलेल्या शेवटापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. कडू वचन आपल्या जागी राहतं, आणि पुन्हा म्हणणारे आपण आहोत हे सगळ्यांना दिसतं.

पाटीपेन्सिल
पण जोडणाऱ्यानेही तेच केलं हो! आठ-नऊ अध्यायांतलं एक माप, एक तराजू त्याने पुसला नाही. गाळणं त्याच्या हातात होतं.

आणि न्यायाशिवायची पुनर्स्थापना हीच हिब्रू संदेष्ट्यांची तऱ्हा, असंही नाही. यशयाचा पहिलाच अध्याय घ्या. शहर वेश्या झालंय, चांदीचा मळ झालाय, दारूत पाणी पडलंय, सरदार लाच खातात, विधवेचं गाऱ्हाणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग देव काय परत करणार म्हणतो? पूर्वीसारखे न्यायाधीश. मळेबिळे नाहीत, आधी कचेरी.

हिशेबनीस
+१. आणि कचेरीची गरज पुढे पडलीच. लोक बाबेलच्या हद्दपारीतून परतले, मंदिर बांधलं, आणि इ.स.पू. ४४५ च्या सुमारास यरुशलेमचा सुभेदार नहेम्या याच्यासमोर गाऱ्हाणं काय आलं? दुष्काळात धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण, राजाचा कर भरायला कर्ज, पोटच्या पोरी दासी म्हणून गेल्या, आणि सावकार कोण तर आपलेच भाऊबंद. आमोसनंतर तीनशे वर्षांनी तोच पायतणाचा जोड. नहेम्याने सभा बोलावली आणि शेतं आजच परत करा म्हणाला, शेकडा एकचं व्याजसुद्धा.

पाटीपेन्सिल
परत येण्यावर कुणाचा विश्वासच नसता तर ती सभा भरली असती कुठे?

तिरकस
भरली हे खरं. पण नहेम्याने त्या सभेत गोड द्राक्षरसाचे डोंगर दाखवले नाहीत, गहाणखतं काढायला लावली. मी दहाव्या वचनालाच थांबणार.

मूर्तिजापूरकर
थांबा, नाहीतर पुढे जा. अमस्याच्या बायकोबद्दल विचारलं होतं, त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.