मदत हवी आहे: लेबर केअर गाईडमध्ये (बाळंतपणाची प्रगती नोंदवायचा नवा तक्ता) तास मोजायचे कुठून?

पार्टोग्राफवर, म्हणजे जुन्या तक्त्यावर, ॲक्शन लाइन (इथे पोचले की काहीतरी करायचे, ही तिरकी रेघ) डोळ्यांसमोर असायची. नव्या तक्त्यात तिरकी रेघच नाही, अलर्टच्या रकान्यात नुसते आकडे. पहिलटकरीण, सकाळी १० ला पीव्हीत (आतून तपासणीत) गर्भाशयाचे मुख ५ सेंमी उघडलेले, दुपारी २ ला ६ सेंमी. जुन्या तक्त्यावर ही अलर्ट लाइनीच्या (तासाला १ सेंमी या वेगाची रेघ) ३ तास उजवीकडे, म्हणजे ॲक्शन लाइनीपासून तासाभरावर आली असती. इथे विलंब धरायचा का? आणि ३ सेंमीला दाखल झाली तर घड्याळ तेव्हापासून?

प्रतिसाद १
विलंब नाही. ५ सेंमीला ६ तास, ६ ला ५, ७ ला ३, ८ ला अडीच, ९ ला २: इतका वेळ मुख त्याच आकड्यावर अडले तरच अलर्ट. तास मोजायचे तो आकडा पीव्हीत पहिल्यांदा सापडला तेव्हापासून. तुमच्या उदाहरणात २ वाजता मोजणी नव्याने सुरू, मुदत ७ पर्यंत.

तासाला १ सेंमी ही अपेक्षा अनेक निरोगी बायकांसाठी फार घाईची ठरते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती सोडली. ५ सेंमीपासून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या बाळंतपणात साधारण १२ तास, पुढच्यांत १० पुरेसे धरतात. ३ सेंमीला हा कागद उघडूच नका. त्या नोंदी वेगळ्या ठेवा. लवकर उघडलेला तक्ता हेच खोट्या अलर्टचे मोठे कारण.

खरी गोम पुढे आहे. पीव्ही दर ४ तासांनी, म्हणजे संध्याकाळी ६ ला. तेव्हाही ६ सेंमीच निघाले तर पुढची नेहमीची वेळ रात्री १०, अलर्ट मात्र ७ ला. माझ्या मते १० ची वाट पाहू नये, ७ ला तपासावे. ८ सेंमीला तर मुदतच ४ तासांहून कमी आहे.

धागाकर्ती
७ ला अजून ६ सेंमीच असेल तर थेट ऑक्सिटोसिन (कळा वाढवायचे औषध)?

प्रतिसाद २
नाही. आकड्याला गोल करा. तो गोल म्हणजे थांबून पाहा, सिझेरियनची चिठ्ठी नव्हे. आधी कळा हाताने मोजा: १० मिनिटांत २ किंवा कमी, किंवा २० सेकंदांहून छोट्या असतील तर कळांचा जोर कमी. लघवी झाली आहे का? भरलेली पिशवी डोके खाली येऊ देत नाही. पाणी पितेय का, उठून फिरतेय का, सोबत कोणी आहे का, हे रकाने बहुतेक ठिकाणी डोळे झाकून भरले जातात.

कळा चांगल्या, पण बाळाच्या डोक्याची हाडे एकमेकांवर चढलेली (मोल्डिंग +++, म्हणजे खूप जास्त) आणि डोक्याच्या कातडीवर सूज +++, तर अडथळ्याचा संशय घ्या. तिथे ऑक्सिटोसिन लावले, विशेषतः आधी बाळंतपणे झालेल्या बाईला, तर गर्भाशय फाटू शकतो. लगेच वरिष्ठांना बोलवा.

बाळाच्या हृदयाचे ठोके किमान एक मिनिट ऐका, कळ चालू असताना आणि ओसरल्यावर निदान ३० सेकंद. ११० च्या खाली, १६० किंवा वर, किंवा कळ ओसरल्यावरही मंदच: यातले काहीही असेल तर कळा वाढवण्याचा विचार बाजूला.

पहिल्या टप्प्यात (मुख पूर्ण उघडेपर्यंत) ठोके १५ ते ३० मिनिटांनी, दुसऱ्यात (तिथून बाळ बाहेर येईपर्यंत) दर ५ मिनिटांनी. दुसरा टप्पा त्याच कागदावर पुढे चालतो, नवीन पान नको. काय ठरले ते खालच्या योजनेच्या ओळीत लिहा. पाळी बदलताना पुढची सिस्टर आधी तीच वाचते.