मदत हवी आहे: तीन आयएसओ, तीन कपाटं. एक कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी बघतो. दीडशेच्या आसपास माणसं, दोन इंडक्शन भट्ट्या. ९००१ (गुणवत्तेचं) जुनंच आहे. पुढे ग्राहकाने मागितलं म्हणून १४००१ (पर्यावरणाचं) आलं, मग ४५००१ (कामगार सुरक्षेचं). दर वेळी नवा कन्सल्टंट आला आणि आपलं बाड ठेवून गेला. सेफ्टी एचआरकडे, पर्यावरण मेंटेनन्सकडे. तीन मॅन्युअल, अंतर्गत ऑडिटची तीन वेळापत्रकं, वर्षाला तीन एमआरएम, म्हणजे व्यवस्थापनाच्या आढावा बैठका. मालक तिन्हींना बसतात, तिसरीला फोनवर असतात.

आता हुकूम निघालाय, पुढच्या सर्व्हेलन्सच्या (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ठरावीक तपासणीच्या) आत सगळं एकच करा. मी तिन्ही मॅन्युअल एका फाइलीत डकवली आणि वर 'आयएमएस' (एकात्मिक व्यवस्थापन प्रणाली) लिहिलं. २४० पानं झाली. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) सुपरवायझरने चाळली आणि विचारलं, "सर, यातलं माझं पान कुठलं?"

दुखणं कुठे आहे ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात ओलं स्क्रॅप भट्टीत गेलं. धातू उसळला, भट्टीवाल्याच्या पायावरचं गेटर जळालं, पाय थोडक्यात वाचला. त्याच हीटच्या (भट्टीच्या एका वितळणीच्या) कास्टिंगला मशीनिंगमध्ये पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं, निघाले. एचआरने अपघात नोंदवला: कारण 'निष्काळजीपणा', उपाय प्रशिक्षण. मी एनसी (त्रुटीची नोंद) काढली: कारण चार्जमधला ओलावा, उपाय तपासणीच्या फॉरमॅटमध्ये एक रकाना. धूर शेडबाहेर गेला होता म्हणून मेंटेनन्सने ब्लोअर दुरुस्त केला. तिन्ही कॅपा (कारण शोधून उपाय करायच्या नोंदी) वेळेत बंद. स्क्रॅप यार्डवर पत्रा घाला, असं तिघांपैकी एकानेही लिहिलं नाही. पुढच्याच महिन्यात पुन्हा ओलं स्क्रॅप!

कलम ४ ते १० चा सांगाडा तिन्हींत सारखा आहे, ते ठाऊक आहे. कागदपत्रं ७.५, अंतर्गत ऑडिट ९.२, एमआरएम ९.३, हे जुळवता येईल. अडतो ६.१ ला, म्हणजे जोखमी ठरवायच्या कलमाला. एकीकडे पर्यावरणाचे पैलू, दुसरीकडे माणसाला असलेले धोके, आमच्याकडे एफएमईए (दोष कुठे, कसा होऊ शकतो याचं विश्लेषण). गुण द्यायची पद्धत प्रत्येकाची निराळी. एकच रजिस्टर करावं का? शिवाय आमचे जुने डॉक्युमेंट नंबर ग्राहकांच्या कंट्रोल प्लॅनमध्ये गेलेत, ते बदलले तर नवीनच उपद्व्याप. आणि प्रमाणपत्रं दोन वेगळ्या संस्थांची आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगावं.

जुना ऑडिटर:
मॅन्युअल आधी बाजूला ठेवा. ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीपासून ते सक्तीचं नाही. सुरुवात १०.२ पासून करा. तिन्हींत हे कलम आहे, ४५००१ मध्ये त्यात अपघातही येतो. एक घटना, एक नंबर, एक कॅपा, आणि कारण शोधायला तिघे एका टेबलाशी. तुमचा पत्रा तिथेच सापडला असता.

रजिस्टरचं म्हणाल तर कामांची यादी एक ठेवा: चार्जिंग, पोअरिंग, नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग. पुढे रकाने तीन. गुण मात्र एकत्र करू नका. पिनहोल आणि माणसाचा पाय एका आकड्यात मोजायला गेलात की आकडा खोटा बोलायला लागतो. कायद्याच्या तारखांचं कॅलेंडरही एकच हवं. घातक कचऱ्याचा फॉर्म ४, मुदत ३० जून; पर्यावरण विवरणाचा फॉर्म ५, मुदत ३० सप्टेंबर. एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटची, म्हणजे परवानगीची, मुदतही त्यातच लिहा.

प्रमाणपत्रं तीनच राहतील, 'आयएमएस' नावाचं आयएसओ प्रमाणपत्र नसतं. पण एका संस्थेकडे नेलीत तर एकत्रित ऑडिटचे दिवस कमी होतात. आयएएफ या आंतरराष्ट्रीय मंचाच्या एमडी ११ या नियमपत्राप्रमाणे ही सूट जास्तीत जास्त २० टक्के, तीही खरोखर एकत्र केलं असेल तर. डकवलेल्या फाइलीवर मी तरी दिली नसती.

कागदी घोडा:
नंबर बदलू नका!! आम्ही बदलले आणि दोन वर्षं निस्तरत होतो. जुना नंबर तसाच, मास्टर लिस्टमध्ये 'कोणत्या मानकाला लागू' एवढा रकाना वाढवा. आणि ५.४ विसरू नका, कामगारांशी सल्लामसलत फक्त ४५००१ मध्ये आहे. एकत्र करताना पहिलं तेच गळतं. त्या भट्टीवाल्याला विचारलं होतं का कोणी?

धागाकर्ता:
दोघांचे आभार. नाही विचारलं. आज विचारलं. म्हणाला, "पत्रा मी दोन वर्षांपूर्वीच सांगितला होता, तोंडी."

एकच कॅपा सुरू केलाय. आता 'जबाबदार विभाग' या रकान्यावर अडलोय. यार्ड कोणाचं? खरेदी म्हणते स्टोअरचं, स्टोअर म्हणतं मेल्टिंगचं, मेल्टिंग म्हणतं माल आत आला की आमचा. तुमच्याकडे हे कसं ठरवता?